बिनडोळ्याचा कोंबडा

माझ्या थोरल्या भावाने, सलीमने, मला फसवलं. शाळेने फसवलं नाही, एस्तरबाईंनी नाही, पाळकसाहेबांनी तर नाहीच. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण आमच्या घरात हा विषय निघाला की कोणीतरी चहा ठेवायला उठतं, कोणीतरी पंखा लावतं आणि बोलणं कुणाच्या तरी लग्नावर जातं. कागद बरा, तो उठून जात नाही. मी आयुष्यभर पत्र्याच्या व्यापाऱ्यांशी, ट्रकवाल्यांशी, नरडाण्याच्या शेडवाल्यांशी तोंडाला तोंड देऊन धुळ्यात कोठ्या-पेट्यांचा धंदा उभा केला. लोक मला तिखट म्हणतात, भांडकुदळ म्हणतात, ते मी ऐकून घेते. पण सौद्यात कोणी दगा केला तर त्याच्या दारात जाऊन विचारल्याशिवाय मी राहिलेली नाही. फक्त हा एक माणूस सुटला आहे, आणि तो माझ्याच आईच्या पोटचा.

आमचं घर म्हणजे पुढे दुकान आणि मागे चूल. पुढच्या खोलीत अब्बा बसायचे, त्यांच्या बाजूला सलीम, मधे जमिनीत रुतवलेली ऐरण आणि भोवती तेलाचे रिकामे डबे. त्या डब्यांच्या पत्र्यातून नरसाळी, चिमण्या, रॉकेलची मापं, शाळकरी पोरांच्या पेट्या असं सगळं निघायचं. लाकडी हातोडीचा आवाज वेगळा, लोखंडी हातोडीचा वेगळा, आणि तापलेली कांब नवसागरावर टेकली की उठणारा चुर्र आवाज आणि घशाला झोंबणारा पांढरा धूर आणखी वेगळा. पत्र्याचे दोन तुकडे कथील वितळवून जोडतात, त्या सांध्याला आम्ही डाख म्हणायचो. गल्लीत लोक माणसाला चालण्यावरून ओळखत, आमच्या घरात डाखावरून ओळखत. अब्बांचा डाख केसासारखा बारीक. सलीमचा तितकाच सरळ पण थोडा जाड, कथिलाच्या बाबतीत त्याचा हात सढळ. माझा डाख म्हणजे भिजवलेल्या साबुदाण्याची रांग. मुलीच्या जातीने कांबेला हात लावायचा नाही असं अम्मी म्हणायची, पण अब्बांना दुपारी डुलकी लागली की मी लावायची, आणि जाग आल्यावर अब्बा माझा सांधा बघून एवढंच म्हणायचे, "हा घराबाहेर न्यायचा नाही." आमच्या घरचा तो कायदाच होता. वाईट सांधा उंबरठा ओलांडत नसे. चुकून कुणाचं तिरकं काम बाहेर निघालं तर घरातला दुसरा माणूस न विचारता, न बोलता ते उकलून पुन्हा जोडून ठेवी. त्यात उपकार नव्हता आणि आभारही नव्हते.

सकाळी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी असायची, तिच्यावर तेल आणि लसणीची लाल चटणी. मी डावखुरी. अम्मी पदराआडून माझ्या डाव्या हातावर फटका मारायची आणि म्हणायची, "या हाताने खाल्लेलं अंगी लागत नाही." मग मी उजव्या हाताने घास घ्यायची आणि कात्री मात्र डाव्याच हाताने चालवायची. पत्र्याची कात्री उजव्या हातासाठी बनवलेली असते. डाव्या हातात ती धरली की कापताना रेघ दिसत नाही आणि पातं कडेला ओढतं, त्यामुळे माझं सगळं कापकाम एका अंगाला झुकलेलं असायचं. घरात माझी अक्षरंही तशीच झुकलेली होती, पण ती कोणी वाचत नसे.

लुथरन मिशनची शाळा गल्लीच्या पलीकडे, पांझरा नदीच्या अंगाला. लुथरन म्हणजे काय हे आमच्या गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. कुणी विचारलं की अब्बा सांगायचे, "ती पन्हळवाली शाळा," कारण तिच्या छपराच्या पन्हळी त्यांनीच बसवल्या होत्या. पन्हळ बसवताना मी शिडी धरून उभी होते. पाळकसाहेब, म्हणजे तिथल्या चर्चचे पाळक आणि शाळेचे मुख्य, ते मला म्हणाले, "काय गं, शाळेत जातेस का?" मी म्हणाले, "शिडी सोडली तर अब्बा पडतील." ते हसले आणि अब्बांना म्हणाले, हिला आमच्याकडे पाठवा. अब्बांनी पाठवलं. सलीमला मात्र त्याआधीच चौथीतून काढून ऐरणीपाशी बसवलं होतं. पोरगा हाताखाली लागतो, पोरगी लागत नाही, असा तो हिशेब होता आणि तो माझ्या बाजूने पडला. माझ्यासाठीही हद्द आखलेली होती. सातवी झाली की घरी. पाळकसाहेबांनी पुढच्या वर्गांसाठी अब्बांकडे शब्द टाकला होता, आणि अब्बांनी हो-नाही काही न म्हणता एक अट घातली होती, "शाळेतून हिच्याबद्दल एक जरी वाकडी गोष्ट कानावर आली, तर त्याच दिवशी घरी बसवीन." मी ती अट ऐकलेली होती. पुढे जे झालं ते या अटीच्या खुंटीवर टांगलेलं होतं, म्हणून ती सांगितली.

शाळा लहानशी. कौलारू वर्गांची एक रांग, मधे अंगण, कडेला चर्च, आणि मागे वसतिगृह, तिथे साक्रीकडची आदिवासी आणि शेतकऱ्यांची पोरं राहायची. सकाळी पेटीवर भजन व्हायचं आणि मग दहा आज्ञा. प्रत्येक आज्ञेनंतर पाळकसाहेब विचारायचे, हिचा अर्थ काय, आणि आम्ही सगळी पोरं, कुणाची कसली जात, कुणाचा कसला धर्म, एका सुरात अर्थ म्हणायचो. मला सगळे अर्थ पाठ होते. मुसलमानाची पोर आज्ञा घडाघडा म्हणते म्हणून पाहुण्यांसमोर मला उभं करायचे. पण माझा जीव अडकला होता शुक्रवारच्या हस्तकलेत. त्या तासाला आमच्या वर्गाच्या एस्तरबाई शेंदरी काठाची साडी कमरेला खोचून यायच्या, ओट्यावर सगळं सामान ओतायच्या आणि म्हणायच्या, "हात दिलेत ना देवाने? मग विचारता काय." साक्रीची पोरं बांबूच्या कामट्यांची पाखरं करायची, वसतिगृहातल्या मुली मक्याच्या पानांच्या बाहुल्या. रावेरहून आलेला एक मुलगा केळीच्या वाळक्या सोपटाचे असे दोर वळायचा की आम्ही त्याला दोरीवाला म्हणायचो. बाईंचा एकच नियम होता. वस्तू वाकडी चालेल, दुसऱ्याच्या हाताची चालणार नाही. आणि डाव्या हाताबद्दल त्या मला कधी काही बोलल्या नाहीत. तेवढ्यावर मी त्यांच्यासाठी विहिरीत उडी मारली असती.

चर्चच्या छपरावर लोखंडी कांबीवर पत्र्याचा एक कोंबडा होता. वारा आला की फिरायचा. फार जुना, कुणा परदेशी पाळकाच्या वेळचा. एका वादळात तो खाली आला आणि बैलगाडीखाली सापडून चपटा झाला. पाळकसाहेबांनी आम्हाला त्या निमित्ताने पेत्राची गोष्ट सांगितली. ज्याने आपल्या गुरूला ओळखत नाही असं तीनदा सांगितलं आणि मग कोंबडा आरवल्यावर जो रडला, त्याची. म्हणाले, खोटं बोलण्याआधी माणसाने वर बघावं म्हणून कोंबडा छपरावर असतो. मग एस्तरबाईंनी जाहीर केलं की सातवीतल्या प्रत्येकाने घरून एकेक कोंबडा करून आणायचा, ज्याला जे जमेल त्याचा, आणि त्यातला एक छपरावर चढेल. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. वर्गात पत्रेवाल्याची पोर मी एकटी. मातीचा, कागदाचा, कामट्यांचा कोंबडा पहिल्या पावसातच विरघळणार. मी घरी येईपर्यंत छपरावर चढूनही बसले होते.

घरी पहिला अडथळा अम्मीचा. जिवंत प्राण्याची मूर्त करायची नाही, ती म्हणाली. कयामतच्या दिवशी अल्ला विचारेल, केलास ना, आता यात जीव घाल, मग काय करशील? मी म्हणाले, "मग दुकानातल्या शिट्टीवर चिमणी का काढता?" अम्मी म्हणाली, "तोंड बघा पोरीचं." अब्बा बराच वेळ पत्रा सरळ करत बसले आणि मग म्हणाले, "डोळा करू नकोस. डोळा नसला तर तो पत्राच." अशी तडजोड झाली. सौदा कसा करतात ते मी शाळेत नाही, त्या खोलीत शिकले. ज्याचं म्हणणं आहे त्याला ते पुरतं मिळत नाही आणि कुणी हातही हलवत परत जात नाही.

मी दोन सारखे कोंबडे कापले, लाकडी हातोडीने किंचित फुगवले आणि काठाकाठाने एकमेकांना जोडले. पोटात एक नळी बसवली, ती छपरावरच्या कांबीवर बसणार आणि कोंबडा फिरणार. तुरा पाच काट्यांचा, सगळे काटे एका अंगाला झुकलेले, जणू कोंबड्याच्या डोक्यावरून कायम वारा वाहतो आहे. डाख मात्र जसा यायचा तसाच आला. ठिकठिकाणी गोळे, मधे भेगा, नळी तिरकी. मला तो फार देखणा वाटला. सलीम भिंतीला टेकून बघत होता. म्हणाला, "हे छपरावर जाणार? आमच्या दुकानाचं नाव घालवशील." मी म्हणाले, "दुकानाचं नाव त्यावर लिहिलेलं नाही." तो म्हणाला, "लिहावं लागत नाही." त्याला मिसरूड फुटत होतं तेव्हा. हात तेव्हाच अब्बांसारखे काळे झाले होते.

सकाळी मी नळावरून पाणी भरून आले तोवर कोंबडा गोणपाटात गुंडाळून सुतळीने बांधून तयार होता. "रस्त्यात तुरा वाकेल," सलीम म्हणाला, आणि पहिल्या गाडीने पत्रा आणायला जळगावला निघून गेला. त्याने एवढी काळजी घेतली याचं मला इतकं कौतुक वाटलं की वाटेत मी दोनदा गोणपाट छातीशी धरलं. आज हे लिहितानाही मला त्या पोरीचा राग येतो. बांधलेलं गाठोडं उघडून न बघता माल घेणारी बाई नंतर मी पुन्हा कधी झाले नाही.

वर्गात ओट्यावर कोंबड्यांचा बाजार भरला होता. कापसाचे, पिसांचे, चिंध्यांचे, शेणाचा एक. मी गोणपाट सोडलं आणि पोरांच्या तोंडून आवाज निघाला. कोंबडा चकाकत होता. मला वाटलं, सलीमने राखेने घासला असेल. एस्तरबाईंनी तो हातात घेतला, उलटा केला, पोटाखालून बोट फिरवलं, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हमीदा, हा तू केलास?"

"हो, बाई."

"सगळा?"

"सगळा."

"पुन्हा विचारते."

"मीच केला, बाई. विचारा घरी."

"विचारणारच आहे. खोटारडी." हा शब्द त्यांनी हळू म्हटला नाही. खिडकीबाहेर शिपाई सुकलालनाना झाडत होते, त्यांचाही झाडू थांबला. मग बाईंनी कोंबडा माझ्यासमोर उलटा धरला आणि तेव्हा मला दिसलं. पोटाखालून गेलेला डाख दोरी ताणल्यासारखा सरळ होता. एक गोळा नाही, एक भेग नाही. नळी सुतात. मला काही कळेना. जणू मी माझं पोर पाळण्यात ठेवून गेले आणि परत येऊन बघते तर नाक दुसऱ्याचं.

पाळकसाहेबांनी सुकलालनानांना पाठवून अब्बांना बोलावून घेतलं. मी व्हरांड्यात उभी होते. अब्बा आले ते हातातलं काम टाकून, बाह्यांना नवसागराचा वास तसाच. खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत. मी मनात म्हणत होते, आता सांगतील, आता सगळं सरळ होईल. अब्बांनी कोंबडा घेतला, अंगठा ओला करून डाखावरून फिरवला आणि म्हणाले, "हा डाख हिचा नाही."

पाळकसाहेब म्हणाले, "मग तुमचा?"

"माझाही नाही. मी एवढं कथील वाया घालवत नाही."

"मग कुणाचा?"

अब्बांनी कोंबडा टेबलावर ठेवला. कुणाचा ते त्यांच्या अंगठ्याला कळलं होतं. मलाही त्याच क्षणी कळलं, कथिलाचा सढळ हात घरात एकच होता. पण अब्बा एवढंच म्हणाले, "घरात विचारतो." एका पोराला वाचवायला दुसरं पोर परक्यांच्या टेबलावर ठेवणारे ते नव्हते. त्यांची अट मात्र त्यांना आठवत होती. माझ्याकडे न बघता म्हणाले, "दप्तर घे. चल."

पाळकसाहेब चांगला माणूस. त्यांना मला घालवायचं नव्हतं. म्हणाले, "थांबा, भाई. हमीदा, इकडे ये. आपल्याकडे क्षमा आहे. उद्या प्रार्थनेत सगळ्यांसमोर कबूल कर की दुसऱ्याचं काम आपलं म्हणून आणलं. संपलं. मी स्वतः तुझ्या वडिलांना सांगतो की ही वाकडी गोष्ट सरळ झाली." केवढा स्वस्त सौदा होता तो. एक वाक्य बोलायचं आणि आठवीत बसायचं. अब्बासुद्धा थांबले. मी हो म्हणाले असते तर ही सगळी जन्मभराची कुरबुर उरली नसती.

पण माझं डोकं तापलं होतं. मी म्हणाले, "क्षमा नको, साहेब."

"का गं?"

"क्षमा घेतली तर मी केलं असं होतं. तुम्ही आठवी आज्ञा शिकवता, शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये. अर्थ सांगताना तुम्हीच सांगता की शेजाऱ्याच्या गोष्टीचा होईल तेवढा चांगला अर्थ लावावा. बाईंनी लावला का?"

एस्तरबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "बघा, आता मलाच आज्ञा शिकवते."

"शिकवत नाही, बाई. पत्रा द्या. अब्बांची हत्यारं आणा. अंगणात, सगळ्यांसमोर, मी दुसरा करते. हा कोंबडा माझा नसेल तर मी दप्तर घेऊन जाते. असेल तर पाळकसाहेबांनी अब्बांना सांगायचं, मुलगी आठवीत बसेल. आणि बाईंनी तो शब्द मागे घ्यायचा. ज्या आवाजात दिला त्याच आवाजात."

मग पाळकसाहेब अब्बांना म्हणाले, "भाई, तुमचं काय म्हणणं?" अब्बा म्हणाले, "वाईट करेल." पाळकसाहेब म्हणाले, "करू दे." एस्तरबाईंनीही आपली अट घातली, की वडिलांनी दूर उभं राहायचं आणि एक शब्द काढायचा नाही. ठरलं.

सुकलालनाना दुकानातून शेगडी, कांब, कात्री, नवसागर सगळं डोक्यावर घेऊन आले. मी व्हरांड्याच्या कडेला बसून दात खात होते. नाना शेजारी टेकले, फडक्यातली भाकरी सोडली आणि म्हणाले, "रडू नको व माय. तू खरं बोली ऱ्हायनी ना? मग भेवानं काय काम शे? पहिले भाकर खाय ले. भुक्या पोटे हात कापस." मी डाव्या हाताने भाकरी मोडली आणि डाव्याच हाताने खाल्ली. बाजरीची होती, वर मिरचीचा खुडा. त्या चवीची भाकरी मला पुन्हा कुठे मिळालेली नाही, आणि मी बऱ्याच चुलींपाशी जेवले आहे.

अंगणात सगळी शाळा, नानांच्या भाषेत बठ्ठी शाळा, जमली. मी रेघ न मारता कापायला लागले. कात्री डाव्या हातात, पातं नेहमीसारखं कडेला ओढत होतं. पण पाठ, छाती, शेपूट वळत गेली. एकदा पत्रा कापायला लागलं की पत्र्याखेरीज काही उरत नाही, हे मला अजून तसंच वाटतं. मग शेगडी, कांब, नवसागर, धूर. पहिला डाख लावला आणि तो साबुदाण्यासारखाच पडला. दुसरा त्याहून वाईट. अब्बा निंबाखाली हात पाठीमागे बांधून उभे होते. कथिलाचा एकेक गोळा पडला की ते पाय बदलायचे. नळी तिरकी बसताना त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि शेवटी पाठ फिरवून झाडाच्या बुंध्याकडे तोंड करून उभे राहिले. पोरं खुसखुसायला लागली. नाना म्हणाले, "भाई, तुम्ही देखू नका, तुम्हाले सोसाव नही." अब्बा बुंध्याकडे बघतच म्हणाले, "आवाजावरूनच कळतंय, नाना."

एस्तरबाई पुढे आल्या. त्यांनी नवा कोंबडा गार होऊ दिला, मग दोन्ही हातात घेऊन एकावर एक धरले. बराच वेळ. पाठीला पाठ लागली, शेपटीला शेपूट. तुऱ्याचे काटे दोघांचेही एकाच अंगाला झुकलेले, जशी माझी अक्षरं झुकतात. ती अक्षरं बाई वर्षभर तपासत आल्या होत्या. त्यांनी एकदा माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. मग विचारलं, "यालाही डोळा नाही?"

"घरी नको म्हणतात, बाई. डोळा केला तर जीव मागेल."

बाई वळल्या आणि शाळेच्या शेवटच्या वर्गापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "कोंबडा हमीदाचाच आहे. पहिलाही आणि दुसराही. डाख कुणी बदलला ते तिला माहीत नव्हतं. मी हिला खोटारडी म्हटलं. ते चूक होतं. मागे घेते." आणि मग हळू, फक्त मला, "बस का आता, वकीलबाई?"

मला काय झालं ते कसं सांगू. रडू आलं नाही. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत काहीतरी सैल झालं, जसं डबा गच्च भरलेला असावा आणि कुणी झाकण उघडावं. मी शेगडीपाशी खाली बसले आणि हसत सुटले. पाळकसाहेब अब्बांकडे गेले. काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण अब्बांनी मान हलवली. घरी जाताना त्यांनी माझं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि गल्लीच्या तोंडाशी म्हणाले, "नळी तरी सरळ बसवायची." आठवीबद्दल तेवढंच बोलणं झालं. मी दहावीपर्यंत शिकले.

छपरावर दुसरा कोंबडा चढला, गोळ्यांचा आणि तिरक्या नळीचा. बाईंचा नियम तो नियम. नळी तिरकी असल्यामुळे तो पुरता फिरायचाच नाही, पश्चिमेला तोंड करून अडकायचा. नाना येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "वारा कथाईन बी येवो, हाऊ कोंबडा साकरीकडेच देखस." त्यावर पाळकसाहेब म्हणायचे, डोळाच नाही, तो बिचारा काय बघणार. पण त्या छपराखालून जाताना माझी मान वर व्हायची, आणि कशासाठी वर झाली ते मला आणि एस्तरबाईंना माहीत होतं.

परवा नातीच्या शाळेत प्रदर्शन होतं. थर्माकोलचा ज्वालामुखी, पुठ्ठ्याचं मेट्रो स्टेशन, बाजारातून आणलेला तयार किल्ला. सगळं आईबापांच्या हातचं नाहीतर खिशातलं, आणि बाई प्रत्येकाला शाब्बास म्हणत होत्या. मी एका पोराला विचारलं, "हे कुणी केलं रे?" तो सरळ म्हणाला, "पप्पांनी." कुणाला काही वाटलं नाही. मला घरी येऊन झोप लागली नाही, म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं. लिहिता लिहिता कळलं की राग एवढासा आहे आणि सुटल्याचा आनंद त्याच्यापेक्षा मोठा. तरी राग आहे.

त्या संध्याकाळी सलीम जळगावहून परतला, पत्र्याची गुंडाळी आणि केळी घेऊन. अब्बांनी काही विचारलं नाही. जेवण होण्याआधी त्यांनी कांब तापवली, चकाकणारा कोंबडा घेतला आणि त्याचा सगळा डाख उकलून दोन्ही बाजू वेगळ्या केल्या. त्या माझ्यासमोर ठेवल्या. "ज्याचं काम त्याने जोडावं." सलीम खाली मान घालून भाकरी खात राहिला. मी त्याला विचारलं, तो म्हणाला, "पाणी दे." दुसऱ्या दिवशी विचारलं, अम्मीने मला गप्प केलं, भाऊ आहे तुझा. अब्बा गेले, अम्मी गेली. तो जळगावला मुलाकडे राहायला गेला, आणि दर ईदला भेटतो तेव्हा तोच चहा आणि तोच पंखा.

तर सलीमभाई, आता इथे चहा नाही. तुझा नातू हे तुला वाचून दाखवील, तुझे डोळे गेलेत ते मला माहीत आहे. मला दोन गोष्टी शक्य वाटतात. एक, तू घरच्या कायद्याने वागलास, वाईट सांधा उंबरठ्याबाहेर जाताना तुला सोसवलं नाही. दुसरी, तुला चौथीतून उठवून मला पुढे पाठवलं होतं, आणि तुला हवं होतं की मी पकडली जावी. पहिली असेल तर मी तुझ्यासाठी शिरखुर्मा करीन. दुसरी असेल तरी करीन, कारण ते दुखणं मला कळतं. मी भाव पाडणार नाही, दोन्हीतलं कुठलंही चालेल. पण या ईदला, सगळी बसलेली असताना, सुनांसमोर, नातवंडांसमोर, तू तोंड उघडायचं. डाख कुणी उकलला ते मला माहीत आहे. का उकललास, ते सांग.